रिकाम्या गादीपासून सुरुवात करा: कल्पित राज्याच्या राजघराण्याचा इतिहास कसा रचावा

बोरिवली पश्चिमेला एकसरला काही वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे आहेत. जवळ जाऊन बघितलं की दगडात कोरलेली गलबतं दिसतात, त्यांच्या कडेने ओळीने वल्ही, आणि गलबतांवर दाटीवाटीने उभी माणसं. वरच्या पट्ट्यांत मेलेल्या वीराला स्वर्गात नेतात, तो तिथे शिवाची पूजा करतो. काही अभ्यासकांच्या मते ही लढाई ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, म्हणजे १२६५ च्या सुमाराची. सुमारे साडेचारशे वर्षं उत्तर कोकणावर राज्य केलेलं घराणं त्या समुद्रात संपलं.

कादंबरीसाठी किंवा मित्रांसोबत खेळायच्या कथाखेळासाठी एखादं छोटं राज्य रचायचं असेल, तर मी प्रत्येकाला आधी तिथे जाऊन या म्हणतो. कारण आपण बहुतेकजण उलट्या टोकाने सुरुवात करतो. पहिला राजा, त्याचा पराक्रम, मग त्याचा मुलगा, मग नातू. मीही पहिल्या वहीत एकतीस राजांची यादी केली होती, प्रत्येकाला बिरुद, प्रत्येकाला एक लढाई. यादी सुबक होती आणि तिच्यातून एकही गोष्ट निघेना. राजा जिवंत असतो तोवर प्रजा कामधंद्याला लागलेली असते. तो गेला आणि पुढे कोण हे ठरेना, की मग सावकार, सेनापती, माहेरची माणसं, शेजारचा राजा, देवळातला पुजारी असे सगळे घराबाहेर पडतात. घराण्याचा इतिहास खरा घडतो तो गादी रिकामी असते त्या दिवसांत. म्हणून माझी पद्धत अशी की दोनअडीचशे वर्षांत तीन वेळा गादी रिकामी करायची, ते तीन प्रसंग जीव ओतून लिहायचे, आणि मधल्या राजांना दोन-दोन ओळी द्यायच्या.

खाली ही पद्धत एका उदाहरणावर करून दाखवतो. राज्याचं नाव पाचजुवे. जुवं म्हणजे खाडीतलं बेट, तशी पाच.

आधी पोट, मग राजा

राज्य लहान म्हणजे किती, हे सगळ्यात आधी ठरवा. जव्हारचं संस्थान साधारण ३१० चौरस मैलांचं होतं, म्हणजे आठशे चौरस किलोमीटर. आजची बृहन्मुंबई सहाशेच्या थोडी वर आहे. एवढ्याशा डोंगराळ मुलखावर मुकणे घराणं चौदाव्या शतकापासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकून राहिलं. डोळ्यांसमोर असा आकार असला की बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला माणूस दोन दिवसांत चालत जातो. राजाला मिठागरातल्या मुकादमाचं नाव माहीत असतं. लाखाची फौज, हजार हत्ती वगैरे बाजूला ठेवा. अशा राज्यात चारशे माणसं म्हणजे मोठी फौज.

मग विचारा की हे राज्य खातं काय, विकतं काय, आणि कशासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतं. पाचजुव्याचं उत्तर मला मुंबईनेच दिलं. भांडुप, मुलुंडच्या पूर्वेला हायवेवरून मिठागरं दिसतात. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात असं आटवत न्यायचं आणि पावसाच्या आत मीठ उचलायचं. सगळा खेळ बांधाचा. बांध फुटला की वर्ष गेलं. म्हणून पाचजुवे मीठ विकतं, खाडीच्या तोंडाशी येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून जकात घेतं, आणि मासळी सुकवतं. भात फार थोडं पिकतं. पण त्याची खरी अडचण गोड्या पाण्याची. पाचही बेटांवरच्या विहिरी होळीनंतर मचूळ होतात. पलीकडच्या तीरावर डोंगरवट नावाचं मोठं राज्य आहे, त्याच्या हद्दीतल्या एका झऱ्यावरून होड्यांनी पाणी आणावं लागतं.

ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आमच्याकडे मीठ आहे, पाणी नाही. पुढे वारसाचं प्रत्येक भांडण या ओळीला येऊन भिडलं पाहिजे. भिडलं नाही, तर ते भांडण कुठल्याही राज्यात घडू शकलं असतं, आणि मग तुमचं राज्य तुमचं राहत नाही.

वारसाचा नियम एका वाक्यात

नियम एवढा लहान करा की मिठागरातल्या पोरालाही तोंडपाठ असेल. थोरला मुलगा बसतो, बहिणीचा मुलगा बसतो, पाच गावांचे पाटील निवडतात, मरताना राजा ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो बसतो. कोणताही चालेल. मग त्या वाक्यात काय सांगितलेलं नाही ते शोधा. दत्तक चालतो का? पोटातलं मूल मोजायचं का? मुलगी? वेडा? तुरुंगात असलेला?

आपल्या इतिहासात या फटींमधून काय काय बाहेर आलं ते बघा. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. कारभाऱ्यांनी त्या न जन्मलेल्या बाळावर सगळी बाजी लावली. एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला आणि चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. दत्तकाचं तर काय सांगावं. मरणाच्या दारात घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही आणि १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. इकडे दत्तक म्हणजे पोटच्या मुलासारखाच, आणि तिकडे त्या दत्तकाला मंजुरी देणारे आपणच असं म्हणणारी कंपनी. एकाच घटनेला दोन नियम लागू होतात तिथे राज्य चिरतं.

पाचजुव्याचा नियम असा: आगळ्याच्या रक्ताचा जो कोरडीवर एक भरती उभा राहील, तो राजा. कोरडी म्हणजे काय, ते आता सांगतो, कारण जादू इथे येते.

जादूने भांडण मिटवू नका

कल्पित जगात सगळ्यात मोठी चूक इथे होते. खरा वारस ओळखणारी तलवार, मुकुट, पक्षी असं काहीतरी आपण ठेवतो आणि स्वतःच्याच कथेचा गळा दाबतो. खरा कोण हे जादू सांगणार असेल तर बाकी कुणी बोलायचंच कशाला? जादूने दावेदार वाढले पाहिजेत.

मोठ्या जुव्याच्या पुढे खाडीत एक सपाट शिळा आहे, ओहोटीला उघडी पडते आणि भरतीला पुरुषभर पाण्याखाली जाते. तिचं नाव कोरडी. घराण्याचा मूळपुरुष आगळा नाखवा त्या शिळेवर उभा राहिला तेव्हा उधाणाचं पाणी चहूबाजूंनी चढलं आणि शिळेच्या काठाशी भिंतीसारखं थांबलं, अशी कथा आहे. पाण्याशी त्याचा काय करार झाला ते कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून त्याच्या रक्ताचं माणूस उभं राहिलं की शिळा कोरडी राहते. रक्ताचं कुठलंही माणूस. थोरला, धाकटा, मुलगी, दासीपुत्र, तीन पिढ्या दूर गेलेला भाऊबंद. पाणी एवढंच सांगतं की हा आगळ्याचा. राज्य कुणी करावं याबद्दल पाण्याला काही म्हणायचं नाही.

ही जादू पाच मिनिटांत सुचेल. तिचे परिणाम मात्र दोनशे वर्षं पुढे नेऊन तपासायला हवेत, आणि तिथे गणित लागतं.

जन्ममृत्यूची वही

एक उभी रेघ आखा, डावीकडे सन लिहा, उजवीकडे जन्म आणि मृत्यू. पिढी साधारण पंचवीस वर्षांची धरा. कारकीर्द मात्र पिढीइतकी धरू नका. १७१३ ते १८१८ या एकशेपाच वर्षांत आठ-नऊ पेशवे झाले. पहिला बाजीराव चाळिशीही न गाठता १७४० मध्ये गेला, नारायणरावाला वर्षही नीट मिळालं नाही. आणि शाहू महाराज एकटे चाळीस वर्षांहून जास्त गादीवर होते, तेवढ्यात तीन पेशवे झाले. कारकिर्दी अशाच ओबडधोबड असू द्या. सगळे राजे वीस-वीस वर्षं राज्य करत असतील तर वाचकाला तुमची फूटपट्टी दिसते.

पाचजुव्याच्या वहीचा थोडा भाग देतो. सन आगळ्याच्या भरतीपासून मोजला आहे. आगळा १ ते २६. त्याचा मुलगा सोनबा ५१ पर्यंत. भिवराज फक्त ५८ पर्यंत, तुफानात गलबतासकट गेला. त्याचा भाऊ लाखम ७९ पर्यंत. भिवराजाचा मुलगा गोंदराज १०४ पर्यंत. दुसरा सोनबा १२१ पर्यंत. रायाजी १६० पर्यंत, नऊ वर्षांचा असताना बसला. हंबीर १८७ पर्यंत. विठराज २०३, दुसरा भिवराज २१९, तिसरा सोनबा २३२. अकरा माणसं, दोनशे बत्तीस वर्षं. प्रत्येक राजा गादीवर आला तेव्हा त्याचं वय किती, त्याचे भाऊ किती जिवंत, आणि आई जिवंत आहे का, हे तीन रकाने न चुकता भरा. आईचा रकाना रिकामा ठेवलात तर निम्मा इतिहास गेला.

माहेर आणि आंदण

लग्नं प्रेमाची ठेवा, पण प्रत्येक लग्नातून एखादी जमीन, वाट किंवा हक्क इकडचा तिकडे गेला पाहिजे. मुंबईकराला याहून जवळचं उदाहरण कुठे मिळणार? १६६१ च्या तहात पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि तिच्याबरोबर मुंबई आंदण गेली. पुढे काय झालं ते जास्त शिकवणारं आहे. इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना बेट द्यायचंच नव्हतं. ताबा मिळायला १६६५ उजाडलं, आणि तोवर मुंबई म्हणजे नेमकी किती बेटं, माहीम त्यात येतं की नाही, यावर वाद पेटलेला होता. १६६८ मध्ये राजाने ते सगळं वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. लग्नाच्या तहातली एक मोघम ओळ, आणि तिच्यापायी एवढा गोंधळ. तुमच्या आंदणाच्या कागदातही अशी एक मोघम ओळ ठेवा.

दुसऱ्या सोनबाची राणी चांगुणा डोंगरवटची. तिच्या आंदणात तिच्या वडिलांनी झऱ्याचं पाणी दिलं: चांगुणेची कूस पाचजुव्याच्या गादीवर आहे तोवर पाचजुव्याच्या होड्या पाणी भरतील. कूस म्हणजे पोटचा मुलगाच की तिने मांडीवर घेतलेलाही, हे कागदात लिहिलेलं नाही.

पहिली गादी: दोघंही खरे

पहिल्या रिकाम्या गादीसाठी काका-पुतण्या घ्या. हा झगडा आपल्या हाडीमाशी आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही. पण काकाला खलनायक करायचा मोह आवरा. सन ५८ मध्ये भिवराज बुडाला तेव्हा गोंदराज दोन वर्षांचा होता. नियम म्हणतो एक भरती उभा राहील तो. दोन वर्षांचं पोर सहा तास शिळेवर एकटं कसं उभं राहणार? लाखम उभा राहिला, शिळा कोरडी राहिली, तो राजा झाला. त्याने नियम मोडला नाही, कुणाला मारलं नाही. उलट एकवीस वर्षं राबून त्याने बाहेरचा मोठा बांध घातला, त्याला उघाड्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, बसवल्या आणि धाकट्या जुव्यावरची खाजणं लागवडीला आणली.

मग पुतण्या तेवीस वर्षांचा झाला, आणि एका उधाणाला कुणालाही न सांगता कोरडीवर जाऊन उभा राहिला. शिळा कोरडी. दोघंही आगळ्याचे, दोघांच्याही बाजूने पाणी. शेवटी नाखव्यांनी पुतण्याचा पक्ष धरला, कारण बांधाच्या कामाला लाखमने जकात वाढवली होती आणि ती त्यांच्या खिशातून जात होती. बघा, मिठाचा बांध आणि जकात इथे आली. लाखमला धाकट्या जुव्यावरची मिठागरं इनाम देऊन लांब केलं. इनामपत्रात अट एकच: त्याने आणि त्याच्या वंशाने कोरडीवर पाय ठेवू नये.

राघोबांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी. गादी हातची गेल्यावर त्यांनी मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रजांना साष्टी आणि वसई देऊ केली. साष्टी तर इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच घेतली होती. हरलेला दावेदार परक्याच्या दारात गेला की तो काय देऊ करतो, यावर राज्याचा नकाशा बदलतो. लाखम परक्याकडे गेला नाही. तो का गेला नाही, यावर मी तीन आठवडे विचार केला, आणि उत्तर मिळालं तेव्हा तो माणूस मला कळला: बांध त्याने घातला होता, आणि परकी फौज आली की पहिला बांध फोडते.

दुसरी गादी: जवळून बघायची

तीनांपैकी एका प्रसंगात इतकं जवळ जा की पायाची बोटं दिसली पाहिजेत. पाचजुव्यात तो सन १२१ चा.

दुसरा सोनबा निपुत्रिक गेला. चांगुणा चाळिशीची. कूस रिकामी म्हणजे झरा बंद, आणि उन्हाळा तोंडावर. डोंगरवटचा वकील होडीत बसून निकालाची वाट बघतोय. चांगुणेने नऊ वर्षांचा एक मुलगा मांडीवर घेतला, रायाजी. नवऱ्याच्या चुलत घराण्यातला म्हणून सांगितला. खरं तर तो तिच्या दाईचा नातू होता. घराण्यातली सगळी मुलं लाखमच्या शाखेत, आणि त्यांना कोरडी बंद.

अमावास्येचं उधाण. मुलगा शिळेवर, किनाऱ्यावर माणसंच माणसं. त्याच्या पायांत चांदीचे वाळे आहेत. पाणी चढतं, शिळेच्या काठाशी येतं, आणि थांबत नाही. आधी बोटं भिजतात. मुलगा मान वळवून चांगुणेकडे बघतो. पाणी घोट्याला लागतं, वाळे बुडतात, तरी तो हलत नाही, कारण तिने सांगितलंय की काहीही झालं तरी हलायचं नाही. किनारा दूर आहे, अंधार आहे, मशालींच्या उजेडात फक्त मुलाची आकृती दिसते. पाणी गुडघ्याच्या वर जाण्याआधी चांगुणा स्वतः होडी घेऊन शिळेला लागते, त्याला उचलते, कडेवर घेऊन किनाऱ्यावर येते आणि म्हणते, "कोरडा आहे." भरती पुरी झालेली नाही. कुणी पुढे येऊन पाय चाचपत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात त्या वाळ्यांवर मिठाचा पांढरा थर धरतो. तो दाई घासून काढते.

चांगुणेला सत्तेची हाव नव्हती. तिला पाच बेटांवर पाणी हवं होतं. आणि किनाऱ्यावरच्या लोकांनाही तेच हवं होतं, म्हणून शंका आलेले गप्प राहिले. माणसं खोटं का पचवतात याचं कारण त्यांच्या घशापर्यंत पोचलं पाहिजे.

हे अवास्तव वाटत असेल तर ताराबाईंची हकीकत आठवा. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे केलं, १७४९ च्या अखेरीस शाहू महाराज गेल्यावर तो गादीवर आला. वर्षभरात बिनसलं आणि ताराबाईंनीच जाहीर केलं की हा आपला नातू नव्हे. तरी रामराजा छत्रपती राहिला, १७७७ पर्यंत. खरं काय ते बाहेर आलं म्हणजे राज्य बदलतंच असं नाही. कुणाला त्या खऱ्याचा उपयोग आहे, यावर ते ठरतं.

मग परिणाम ओढत न्या. रायाजी मोठा झाला, चांगला राजा झाला. त्याच्या मुलालाही एक दिवस शिळेवर उभं राहावं लागणार होतं. म्हणून त्याने कोरडीवर देऊळ बांधलं, उंच जोतं, जोत्यावर गाभारा. "मूळपुरुषाच्या पावलांवर कुणी पाय देऊ नये" असं कारण दिलं. आता राजे जोत्यावर उभे राहतात, तिथे पाणी पोचतच नाही. कोणतंही जुनं बांधकाम रचताना मी हा प्रश्न विचारतो की हे बांधून काय झाकलं गेलं.

तिसरी गादी

इथे फार थांबायचं नाही, पण साचा वेगळा घ्या: वाटणी. १७२९ मध्ये कान्होजी आंग्रे गेले, १७३३ मध्ये त्यांचा मुलगा सेखोजी. मग सेखोजीचे भाऊ संभाजी आणि मानाजी यांच्यात आरमाराची वाटणी झाली, एक विजयदुर्गाला आणि एक कुलाब्याला, मध्यस्थ पेशवे. १७५६ मध्ये विजयदुर्गच्या तुळाजीवर पेशवे आणि इंग्रज मिळून चालून गेले. एक आरमार होतं तेव्हा मुंबईचे इंग्रज त्याला वचकून असत. पाचजुव्यात हंबीरनंतर सन १८७ मध्ये तीन जुवी विठराजाला आणि दोन त्याच्या भावाला गेली. मीठ एकीकडे, जकातीचं नाकं दुसरीकडे. दोघांनाही एकमेकांशिवाय चालेना आणि दोघांनीही मध्यस्थीला डोंगरवटला बोलावलं. बस, एवढं पुरे.

इतिहास कोण सांगतं

आतापर्यंत तुम्हाला जे माहीत झालं ते तुमच्या जगातल्या कुणालाच पूर्ण माहीत नसतं. म्हणून घडलेलं एका वहीत आणि सांगितलं जाणारं दुसऱ्या वहीत लिहा.

शिलाहारांचंच घ्या. आपण विद्याधर राजपुत्र जीमूतवाहनाचे वंशज, असं ते सांगत. नागाचा जीव वाचवण्यासाठी गरुडापुढे शिळेवर स्वतःला ठेवणारा तो राजपुत्र. बिरुदांत ते स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवत. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, त्यांच्या ठाण्याच्या राजधानीपासून कित्येक दिवसांच्या वाटेवर. सुरुवातीला राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या घराण्याला जुनं, दूरचं, दैवी मूळ किती हवंहवंसं वाटत असेल, हे त्या एका बिरुदातून कळतं. आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला हा उल्लेख आपल्याला यादवांकडच्या हेमाद्रीच्या लिखाणातून मिळतो, म्हणजे जिंकलेल्या बाजूकडून.

पाचजुव्यासाठी निदान तीन तोंडं ठेवा. दरबारी बखर, तीत रायाजी कोरडा. मिठागरातल्या बायकांचं गाणं, त्यात "चांदीच्या वाळ्याला मीठ लागलं" अशी एक ओळ, जिचा अर्थ आता गाणारीलाही ठाऊक नाही. आणि एक दगड. कोकणातले गद्धेगाळ पाहिलेत तर दगड कसा बोलतो ते कळेल: वर चंद्रसूर्य, मधे दानाचा मजकूर, आणि खाली, हे दान मोडील त्याला दिलेली शिवी, चित्र कोरून. लाखमचं इनामपत्र धाकट्या जुव्यावर अशाच दगडावर आहे. मजकूर झिजला, शिवी शाबूत आहे.

तिन्ही तोंडं एकमेकांशी जुळवू नका. महिकावतीची बखर, म्हणजे उत्तर कोकणातल्या राजांची जुनी हकीकत, वाचताना बिंबराजाचा काळ आणि माहीम नेमकं कोणतं यावर अभ्यासक अजून झगडतात. तसा झगडा तुमच्या जगातही चालू राहू द्या.

सनाचंही तेच. अंबरनाथच्या देवळातला लेख शक ९८२ चा, त्यात ७८ मिळवले की १०६० येतं. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, कारण आपला सन चालवणं हेच राज्य असल्याचं लक्षण. वाटणीनंतर पाचजुव्याच्या धाकट्या पातीने सन पुन्हा एकपासून मोजायला घेतला. एका करारावर दोन सन दिसले की वाचकाला न सांगता फूट कळते.

चौथी गादी भरू नका

तुमची कथा जिथे सुरू होते तिथे एक गादी रिकामी ठेवून थांबा. ती भरणं कथेचं काम. इतिहास लिहिणाऱ्याने फक्त हिशेब पुरा करून द्यायचा. पाचजुव्याचा हिशेब असा निघाला, आणि तो मी आधी ठरवलेला नव्हता.

सन ७९ मध्ये लाखम धाकट्या जुव्यावर गेला. २३२ पर्यंत सहा पिढ्या होतात. दर पिढीत तीन-तीन मुलं जगली आणि त्यांना मुलं झाली, तर सहाव्या पिढीत ७२९ माणसं. आपापसांत लग्नं झाली असणार, म्हणून आकडा कमी धरा, चारशे धरा. त्या बेटावर राहतातच हजारभर लोक. पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा मी चर्चगेट स्लोमध्ये बसलो होतो आणि अंधेरी कधी गेलं ते कळलं नाही. म्हणजे हरवलेला एकच राजकुमार वगैरे काही नाही. मिठागरात गुडघाभर चिखलात काम करणाऱ्या जवळजवळ निम्म्या माणसांना कोरडी ओळखेल. ओळखणार नाही ती फक्त राजवाड्यातल्यांना.

त्यांना ते ठाऊक नाही. इनामाची अट ते देवाच्या नेमासारखी पाळत आले, त्यामुळे दीडशे वर्षांत कुणी शिळेवर पाय ठेवलेला नाही. सन २३२ च्या आषाढात तिसरा सोनबा मेला, त्याच्या दोन मुली डोंगरवटला आजोळी होत्या, आणि त्याच आठवड्यातल्या उधाणाने देवळाचं जोतं खचलं. दगड उचलायला धाकट्या जुव्यावरून माणसं बोलावली, कारण खाडीच्या पाण्यात उभं राहून काम करायची सवय त्यांनाच. ओहोटीला पंचवीस जण कोरडीवर उतरले, त्यांत सात बायका. दुपारी पाणी चढायला लागलं तेव्हा मुकादमाने वर यायची हाक दिली.

मुकादमाची हाक इथे संपते. वही मी तिथेच मिटली आहे.